मुरुमचा भत्ता

ईरण्णा : न्हाय, मला शिकवू नको. माणसाचा पगार आपोआप कमी होत न्हाय. काय चूक झाली तुझ्याकडून?

शिवप्रिया : चूक कसली, आप्पा? पुण्याच्या सरकारी दवाखान्यातून इथं आपल्या गावी, मुरुमला बदली मागून घेतली, एवढंच. नर्स तीच, मूळ पगारही तोच.

ईरण्णा : मंग बँकेच्या मेसेजमधी आकडा का आखडला? म्या चष्मा पुसून वाचला.

शिवप्रिया : माझा मोबाईल वाचता तुम्ही?

ईरण्णा : वाजला म्हणून बघितला. बोल.

शिवप्रिया : घरभाड्याचा भत्ता कमी झाला. शहर मोठं तर भत्ता मोठा. तिथं खोली महाग, इथं स्वस्त, म्हणून.

ईरण्णा : आन् सुई? पुण्याच्या माणसाला जास्त टोचती काय?

शिवप्रिया : सुई सगळ्यांना सारखीच.

ईरण्णा : जन्मभर किराणा दुकान चालवलं म्या. तेलाचा डबा हितं येऊस्तवर टेम्पोचं भाडं चढतंय त्याच्यावर. कोण म्हणतंय मुरुम स्वस्त हाय?

शिवप्रिया : तेलाचं ते सरकारला तुम्हीच सांगा! मी खोलीचं म्हणते. एका खोलीत तिघी राहायचो. भत्ता या हातानं घ्यायचा, त्या हातानं मालकिणीला द्यायचा. माझ्याजवळ इथंच जास्त उरतं.

ईरण्णा : उरण्याचं राहू दे. मला झटका आला तवापासून तुझ्या मनात हेच होतं. हात लुळा हाय, म्या लुळा न्हाय. साहेबाला भेट आन् बदली रद्द करून घे.

शिवप्रिया : रद्द केली तरी जाणार न्हाय मी.

ईरण्णा : बाजारात सांगून बसलोय, पोरगी पुण्यात हाय म्हणून! शेजारच्या सोमलिंगला तर पगारबी सांगितला.

शिवप्रिया : खरा सांगितला का?

ईरण्णा : ...जरासा चढवून.

शिवप्रिया : मग आता आणखी जरासा चढवा.

ईरण्णा : हसण्यावारी नेऊ नको, पोरी. बापापायी लेकीनं आपलं नुकसान करून घ्यावं, हे मला सोसत न्हाय.

(शिवप्रिया वडिलांजवळ सरकून बसते आणि त्यांच्या लुळ्या हाताची बोटं चोळू लागते. ते हात ओढून घेत नाहीत.)

शिवप्रिया : काल एक म्हातारी आली होती, कर्नाटकातल्या खेड्यातली. नुसती कानडी बोलायची. डॉक्टर विचारून विचारून दमले. मी म्हणाले, ‘एल्ली ब्यानी, अव्वा?’ कुठं दुखतंय, एवढंच. तिनं माझा हात जो धरला, तो सलाईन संपेस्तोवर सोडलाच न्हाय.

ईरण्णा : कानडी विसरले म्हणत होतीस की.

शिवप्रिया : आई बोलायची तेवढी राहिलीय. पुण्यात कानडी कुणाशी बोलणार?

ईरण्णा : तुझी आई असती तर म्हातारीला घरीच घेऊन आली असती, जेवायला.

शिवप्रिया : व्हय.

ईरण्णा : म्हणजे माझ्यासाठी आली न्हाईस तू.

शिवप्रिया : तुमच्यासाठी पण आले. ते वेगळं सांगायला लागतंय का?

ईरण्णा : ...उद्या ड्युटी कवाची?

शिवप्रिया : सकाळची.

ईरण्णा : मंग डबा म्या भरून ठेवतो.

शिवप्रिया : एका हातानं?

ईरण्णा : भरायला एक हात पुरतो. झाकण तेवढं तू लाव.