खिडकी उघडणारे गुरुजी

हसायचं नाही हं. पन्नाशीत पियानोच्या पहिल्या ग्रेडची परीक्षा द्यायला गेलो, तर वेटिंग रूममधल्या पोरांना वाटलं, मी कुणाचा तरी आजोबा!

त्यात आमच्या टीचरनं मला एक पुस्तक दिलेलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका थोर पियानोवादकाबद्दल त्याच्या शिष्येनं लिहिलेल्या आठवणी. ती सांगते, सूर चुकला की गुरुजी रागवत नसत, नुसते उठून खिडकी उघडत. मग समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

परीक्षेत माझा पहिला सूर चुकला. लहानपणी पेटीच्या क्लासात चुकलं की कान धरायचो, तसा हात आपोआप कानाला गेला. दुसरा चुकला, पुन्हा कान. तिसऱ्याला परीक्षक बाई उठल्या आणि त्यांनी चक्क खिडकी उघडली!

माझे हात थांबले. "मॅडम, मी निघू का?"

"का? अजून निम्मं राहिलंय. तुम्ही सारखे कान चोळताय, मला वाटलं उकडतंय."

जीव भांड्यात पडला. उरलेलं इतक्या खुशीत वाजवलं, की पास झालो. रिपोर्टमध्ये बाईंनी लिहिलं, 'खिडकी उघडल्यावर वादन बरंच सुधारलं.'