जर्दाळूच्या कुंपणापासून एक फेरी

नाव मर्ला हायरम स्टाउट, वय ३४ वर्षे, धंदा सायकली भाड्याने देणे व कुटुंबांना सायकलवाटेवर फिरवून आणणे, राहणार सँड स्प्रिंग, यूटा राज्य. आज शनिवारी संध्याकाळी शेरीफ कचेरीत स्वतः हजर होऊन, डेप्युटी लोरेना यज्जी यांनी विचारल्यावरून सांगते ते असे.

गावाबाहेर कासव-फेरा नावाची सहा मैलांची सायकलवाट आहे. वाट गोल असून जिथून निघावे तिथेच परत येते. अवघड काही नाही. दरीच्या काठाने जाते, पण काठापासून बरीच आत. मध्ये सपाट लाल खडक लागतो, एका ठिकाणी कोरड्या ओढ्याची वाळू लागते, तिथे उतरून सायकल ढकलावी लागते. सहा वर्षांचे मूलही ही वाट पुरी करते, म्हणून लेकुरवाळी कुटुंबे हीच वाट मागतात.

पूर्वेच्या वळणावर बेथेल वस्तीची जर्दाळूची बाग वाटेला लागून आहे. मध्ये फक्त तारेचे कुंपण. मी दर शनिवारी लोकांना पाणी प्यायला तिथे थांबवते. पश्चिमेच्या वळणावर सावली जास्त आहे, हे खरे आहे. विचारल्यावरून सांगते की, तरीही मी बागेपाशीच थांबते.

माझा जन्म बेथेल वस्तीतला. ही एका जुन्या चालीच्या धर्मपंथाची वस्ती असून तिथे एका पुरुषाला अनेक बायका असतात. माझे वडील हायरम स्टाउट यांना चार बायका. माझी आई रोवीना ही तिसरी. मी एकवीस वर्षांची असताना वडीलधाऱ्यांनी ठरवलेल्या लग्नाला मी नाही म्हटले. त्यानंतर मला वस्तीत प्रवेश नाही. वस्तीतल्या कोणी माझ्याशी बोलायचे नाही असा त्यांचा नियम आहे व तो सर्वांनी पाळला. आईनेही पाळला. ती जर्दाळूच्या झाडांत काम करताना मला दिसत असे. मान वर करत नसे. मी हाक मारत नसे. तेरा वर्षे असेच चालले. याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

आज सकाळी साडेसातच्या सुमारास मी न्यू मेक्सिकोहून आलेले नॉर्बर्ट ल्युसेरो, त्यांची पत्नी ग्लोरिया व सहा वर्षांची मुलगी नायेली यांना घेऊन निघाले. ग्लोरियाबाईंना वाळूत तोल सांभाळता येत नाही, म्हणून त्यांना मी दोघांच्या सायकलीवर मागे बसवले होते व पुढे मी होते. नायेली स्वतःच्या छोट्या सायकलीवर होती व सगळ्यांच्या पुढे होती.

बागेच्या वळणावर आम्ही थांबलो. बायका जर्दाळू उतरवत होत्या. त्यांच्यातून माझी आई हातात बादली घेऊन कुंपणापर्यंत आली. मला वाटले, ती झाडाखाली पडलेली फळे उचलायला आली आहे. ती म्हणाली, "किती वाळलीस गं."

मी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली. 

आई म्हणाली, "केस पोरांसारखे कापलेस ते कापलेस. मानेवर ऊन लागतं, तिथे काही बांधत जा."

मग तिने सांगितले की, सोमवारी सगळी वस्ती उठणार आहे. कुठे जाणार हे पुरुषांनी बायकांना सांगितलेले नाही. उत्तरेला, एवढेच कानावर आले आहे. मी विचारले, "परत कधी?" आई म्हणाली, "परत यायचं असतं तर खाटा कशाला सुट्या करून बांधल्या असत्या?"

 मग आईने दोघांच्या सायकलीकडे बोट दाखवले आणि विचारले, "मागचा माणूस पायडल मारतो की नुसता बसतो?"

मी सांगितले, "मारतो."

"मला बसव. एक चक्कर."

तिला मी बोलावले नाही, ओढले नाही, आमिष दाखवले नाही. कुंपणाची खालची तार तिने स्वतः उचलली व वाकून बाहेर आली. गुडघ्याला तार लागून थोडे रक्त आले, ते तिने कमरेच्या एप्रनने पुसले.

ग्लोरियाबाई लगेच उतरल्या. त्या म्हणाल्या, "बसा तुम्ही आजी. मी थांबते इथं सावलीत. बादली द्या इकडे, तेवढीच भरून ठेवते."

आईने विचारले, "येतं का तुम्हाला?"

"अहो, जर्दाळू तोडायला काय शिकावं लागतं का?"

"लागतं. पिवळा दिसला म्हणून ओढायचा नाही. हात लावल्यावर सुटला तरच घ्यायचा."

आईचा झगा घोट्यापर्यंत होता. नायेली ओरडली, "आजी, तो चेनमध्ये जाईल! माझी पॅन्ट गेली होती, फाटली!" मी जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी झगा दोन्ही पोटऱ्यांना बांधला. अंबाड्यामुळे हेल्मेट बसेना. आईने काटे काढले, केस सोडले आणि एक वेणी घातली. केस पूर्ण पांढरे झाले आहेत. लहानपणानंतर मी तिचे केस मोकळे पाहिले नव्हते. ही गोष्ट जरुरीची नसल्यास काढून टाकावी असे मी म्हटले. यज्जी मॅडम म्हणाल्या, राहू द्या.

आम्ही निघालो. नॉर्बर्ट ल्युसेरो मागे होते व नायेली पुढे होती. पहिल्या चढावर आई सारखी म्हणत होती, "मी ढकलतेय ना? लागतेय ना माझी मदत?" मी म्हटले, "लागतेय." ती खरेच जोर लावत होती. माझ्यापेक्षा जास्त. वयाची बासष्ट वर्षे झाली आहेत, पण रात्री-अपरात्री दूर-दूरच्या घरी बाळंतपणाला चालत जाण्याची सवय आहे. वस्तीची सुईण तीच आहे.

वाळूत सगळे उतरलो. तिथे आईने मला विचारले, "घरात कोण आहे?"

"वेस म्हणून आहे. नळजोडणीची कामं करतो."

"पितो?"

"शुक्रवारी. बिअर."

"हात उचलतो?"

"नाही."

"मग पिऊ दे शुक्रवारी." थोडे पुढे गेल्यावर म्हणाली, "पोरं?"

"नाहीत."

आईने सायकलीवरचा एक हात काढून माझ्या पाठीवर ठेवला. काढून घेतला नाही. त्यामुळे ढकलताना सायकल वाकडी जात होती, पण मी तिला तसे सांगितले नाही.

बागेपासून अर्ध्या फेऱ्यावर गाड्या उभ्या करण्याची जागा आहे. तिथे माझी व्हॅन होती. सकाळी तिथूनच निघालो होतो. व्हॅनमधून सँड स्प्रिंगला पंधरा मिनिटे लागतात. मी दरवाजा उघडला, आईला पुढच्या सीटवर बसवले, गाडी सुरू करून गार हवा लावली आणि लिंबाचे सरबत दिले. ल्युसेरो बापलेक खडकावर बसून मक्याच्या पोळ्या, टॉर्टिया, खात होते. नायेलीने अर्धी आणून आईला दिली व विचारले, "आजी, तुम्ही पहिल्यांदाच बसलात सायकलवर? मग पडला कशा नाहीत?"

आई म्हणाली, "पुढे माझी मुलगी होती ना."

नायेली गेल्यावर मी आईला म्हटले, "आई, उतरू नकोस. तुझ्यासाठी खोली आहे. काही आणायचं असेल तर मी नंतर विकत घेते. तू फक्त उतरू नकोस."

विचारल्यावरून सांगते की, होय, मी असे बोलले. हे मी लपवत नाही. गाडी चालू होती, दरवाजा लावलेला होता, कुलूप लावलेले नव्हते. मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

आई डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "गार आहे छान." मग म्हणाली, "एल्वाला आठवा लागलाय."

एल्वा ही माझी सख्खी बहीण. मी बाहेर पडले तेव्हा ती सहा वर्षांची होती.

आई म्हणाली, "पहिलटकरीण आहे. पोर आडवं आहे पोटात, अजून फिरलेलं नाही. नव्या ठिकाणी दवाखाना नसणार, असला तरी नेणार नाहीत. तिच्यामागे आणखी दोघी आहेत. त्यांना कोण सोडवील?"

मी म्हटले, "एल्वालाही घेऊन ये."

"तिचं मन नाही गं. तिला तिथंच राहायचंय. सगळ्यांना तुझ्यासारखं नको असतं."

"आणि तुला?"

आईने सरबत संपवले, पेला झग्याने पुसून मला परत दिला आणि दरवाजा आपल्या हाताने उघडून खाली उतरली. हेल्मेट नीट बसवून म्हणाली, "चल. ती बाई माझे कच्चे जर्दाळू तोडत असेल."

परतीच्या वाटेवर सपाट खडकानंतर मोठा उतार लागतो. तो आम्ही न थांबता उतरलो. शेवटच्या अर्ध्या मैलावर मी हळू चालवली. नॉर्बर्ट ल्युसेरो यांच्या ते लक्षात आले असावे, कारण त्यांनी मुलीला हाक मारून पुढे जाऊ दिले नाही आणि तेही मागे रेंगाळले.

बागेच्या वळणावर आलो तेव्हा माझा सावत्र भाऊ लोरिन स्टाउट कुंपणापाशी पिकअप घेऊन उभा होता. ग्लोरियाबाई कुंपणाच्या आत, शिडीवर उभ्या होत्या. बादली भरली होती व दुसरी अर्धी झाली होती. लोरिन त्यांना विचारत होता, "तुम्ही कोण? इथे कशा?" त्या म्हणत होत्या, "मी बदली आहे. त्या बाई आल्या की उतरते. शिडी धरा जरा, हलतेय." लोरिनने शिडी धरली होती. आम्हाला पाहिल्यावर सोडली. ग्लोरियाबाई पडल्या नाहीत.

लोरिन माझ्याकडे बघून बोलला नाही. आईला म्हणाला, "मावशी, आत या. कुठे नेलं होतं तुम्हाला?"

आई म्हणाली, "गोल."

लोरिनने तिथूनच फोन करून तक्रार दिली. त्याचे म्हणणे की, मी त्याच्या सावत्र आईला फसवून सायकलीवर बसवले व पळवून नेण्याचा प्रयत्न केला. माझे म्हणणे की, ती स्वतःहून बसली व स्वतःहून उतरली. तिला मी थांब म्हटले. ती थांबली नाही. एवढेच झाले.

आईने झग्याच्या पट्ट्या सोडून माझ्या हातात दिल्या. वेणी तशीच होती. ती तारेखालून आत गेली. चालताना पाय थोडे फाकून पडत होते, पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्या सगळ्यांचे पडतात तसे. झाडांत शिरेपर्यंत मी पाहिले. तिने मागे वळून पाहिले नाही. ल्युसेरो कुटुंबही तिथेच उभे राहिले. नायेलीने विचारले, "आजी आपल्याबरोबर नाही का येणार?" तिच्या आईने तिला जवळ घेतले.

दुपारी यज्जी मॅडम वस्तीवर जाऊन माझ्या आईला भेटल्या. मला आत येऊ दिले नाही. त्यांनी मला सांगितले की, वडील, लोरिन व घरातल्या इतर बायका समोर असताना त्यांनी आईला विचारले, जबरदस्ती झाली का? आई म्हणाली, "झाली. मी केली. पोरगी उतारावर ब्रेक दाबत होती, मी तिला दाबू दिला नाही." पुन्हा विचारले, कुठे जायचे आहे का, आम्ही सोडू. ती नाही म्हणाली. वस्ती जिथे जाणार तिथला पत्ता विचारला, तो कोणी सांगितला नाही. तो सांगण्याची त्यांच्यावर सक्ती करता येत नाही, हे मॅडमनी मला समजावून सांगितले व मला ते समजले.

आणखी काही सांगायचे आहे का असे विचारल्यावरून सांगते की, पत्ता नको. वस्ती उठून जिथे जाईल तिथल्या कचेरीशी कधी बोलणे झाले, तर रोवीना स्टाउट पोहोचली का, एवढे विचारावे. पोहोचली की नाही, एवढेच कळवावे. यज्जी मॅडम म्हणाल्या, हे जबाबात बसत नाही. मी विनंती केल्यावरून त्यांनी लिहून घेतले.

वरील सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. मी बोलले तेच त्यात आहे. 'पुढे माझी मुलगी होती ना' या आईच्या वाक्याशी मॅडमनी पुन्हा वाचू का म्हणून विचारले. मी हो म्हटले. त्यांनी पुन्हा वाचले. त्याखाली माझी सही.

मर्ला स्टाउट