डबीतला ड्रॅगन

ज्याने त्याने आपापले पत्ते आणून खेळायच्या ड्रॅगनवाल्या पत्त्यांच्या स्पर्धेत, पाण्याच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते.

“पहिल्याच फेरीत बाहेर? आणि तो तुमचा ड्रॅगनचा पत्ता? वर्षभर त्याचंच कौतुक ऐकतेय.”

“डबीत आहे. खिशात.”

“म्हणजे तो खेळायला काढलाच नाहीत?”

“अगं, पत्ते पिसताना त्याचा कोपरा दुमडला असता!”

“मग समोरचा कसा पिसत होता?”

“त्याच्या पत्त्यांची दशा बघवत नव्हती. चुरगळलेले, वर चहाचे डाग.”

“पण जिंकला ना?”

“जिंकला. पत्त्यांची मात्र पार वाट लावली.”

“धन्य आहे! बारा वर्षं घरी पाहुणे सतरंजीवर बसतायत, पण सोफ्याचं प्लॅस्टिक काही निघालं नाही.”

“मग? आहे की नाही सोफा अजून नवाकोरा?”