पहिल्या नंबरचा कॉम्प्युटर

आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर आता आपोआप अपडेट होतात, आणि एखादा मागे राहिला तर नोटीसही आपोआपच निघते. परवा माझ्या शेजारच्या टेबलावरची वंदना तशी नोटीस घेऊन तावातावानं घरी आली.

“काका, प्रमोशनच्या तोंडावर हे. अन् वेळेवर अपडेट झालेल्यांच्या यादीत पहिला नंबर तुमच्या कॉम्प्युटरचा.”

“मले रिटायर होऊन दोन साल झाले.”

“म्हणूनच. खुर्ची रिकामी, मशीन दिवसभर चालू, आरामात अपडेट होऊन राहिली. मी पेन्शनच्या केसेस करते, म्हणून दर वेळी ‘नंतर’ दाबते. जबाब काय देऊ?”

“लिही, कामामुळे अपडेट राहून गेले. यापुढे काम होणार नाही, याची दक्षता घेईन.”

तिनं रागानं तसंच पाठवलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: खुलासा समाधानकारक.