अव्हेलेबल एकशे दहा

नाही, बसत नाही मी. स्टूल राहू दे तुमचं. आधी मला सांगा, अपूर्वभाऊ — गुरुवारी मी दिव्याहून, घरून फोन केलेला, आठवतंय? काय विचारलेलं? दादाच्या लॅपटॉपवर नव्वद जीबीचं शूटिंग टाकायचंय, जागा आहे का. तुम्ही म्हणालात, अव्हेलेबल किती दाखवतंय. मी म्हटलं एकशे दहा. मग टाक की बिनधास्त! — हे तुमचे शब्द, माझे नाहीत. टाकलं बिनधास्त. आता बघा. मला नका दाखवू, मी रात्रंदिवस तेच बघतोय, तुम्ही बघा — हा फोल्डर, ‘सुदेश रॉ’. तीनशे सतरा फायली. नावं आहेत, बारकी बारकी चित्रं आहेत, आणि प्रत्येकीपुढे ती ढगाची खूण. दाबलं की पासवर्ड मागतो. आत व्हिडिओच नाही. गुरुवारी सकाळपर्यंत होते, संध्याकाळी नाहीत. कुठे गेले? माझ्या बापाने खाल्ले?

काय म्हणालात? फ्री वेगळं आणि अव्हेलेबल वेगळं? वा. हे आज सांगताय. हे दुसऱ्या खिडकीत दाखवतात ते — फ्री साडेसहा. म्हणजे गुरुवारी पण खरोखर रिकामी जागा एवढीच असणार, आणि बाकीची शंभर? त्यात काय होतं मग? ज्याची कॉपी क्लाऊडवर आहे ते इथून काढलं तरी चालेल, असं मशीनने स्वतःच ठरवलं, आणि ती जागा पण अव्हेलेबलमध्ये धरली. बरोबर? बरोबर बोलतोय ना मी? नववी नापास आहे, पण एवढं कळतं. हळदीच्या मंडपात खुर्ची रिकामी असणं वेगळं, आणि बसलेल्या माणसाच्या बखोटीला धरून उठवून ती मला देणं वेगळं. हा लॅपटॉप दोन्हीला जागाच म्हणतो. आणि उठवताना विचारत पण नाही. आलेली एक चिठ्ठी इंग्लिशमध्ये — मी ओके दाबलं. ओकेच दाबतात ना सगळे? तुम्ही वाचता? खरं सांगा.

आवाज कमी नाही करणार. गिऱ्हाइकं ऐकू देत.

तुम्हाला वाटतंय, हळदीचे व्हिडिओ तर आहेत की लोकांकडे, प्रत्येकाच्या घरी पेनड्राइव्ह पडलाय, मागून आणायचा. अहो, तुम्हाला आमचं काम माहीत नाही. हळदीचं शूटिंग करतो ना, त्यातला आवाज ठेवत नाहीत. एडिटिंगला पहिलं काम काय, आवाज बंद करायचा आणि वर डीजेची गाणी लावायची. लोकांना तेच पाहिजे. चार वर्षं दादाने हळदी केल्या — टिटवाळा, मलंगगड साइड, पार मुरबाडपर्यंत — आणि एका पेनड्राइव्हमध्ये तो नाही. दिसत नाही, कॅमेऱ्याच्या मागे होता. ऐकू येत नाही, पुसलेलं. फक्त ह्या रॉमध्ये, न कापलेल्या शूटिंगमध्ये आहे. काकी, माझ्याकडे नको, नवरीकडे बघा. ओ पाव्हणं, ग्लास खाली ठेवा, व्हिडिओत येतंय. आणि मधेच जोरात — बंट्या, लाइट वर धर, झोपलास काय! तो मी. बंट्या मी. शिव्या पण आहेत, त्या सांगत नाही.

व्हॉट्सॲपवर? काही नाही. व्हॉइस पाठवायचाच नाही तो. टाइप करायचा. ‘कुठे’. एवढंच. माझ्या फोनमध्ये त्याचे दोनशे ‘कुठे’ आहेत. आईला वाचून दाखवू?

डेंग्यू. पाच दिवस. शुक्रवारी ताप, मंगळवारी दादा नाही. — नको, पाणी नको मला.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की आई पदराला हात पुसत येऊन बसते आणि मी एक फाइल लावतो. एकच. संपवायच्या नाहीत, असं आमचं ठरलेलं. दुसऱ्यांच्या पोरी नाचत असतात आणि आई डोळे मिटून बसते, मागून तो बोलण्याची वाट बघत. गुरुवारपासून तिला सांगतोय, चार्जर जळलाय. आज सोमवार. चार्जर दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात, तुम्हीच सांगा.

आणि टाकलं काय मी त्यांच्या जागी, माहितीये? टिटवाळ्याची काळुरामशेठच्या मुलीची हळद. बुकिंग दादाने घेतलेलं. म्हटलं त्याचा शब्द आहे, आपण जाऊ. त्याचा कॅमेरा घेऊन मी एकटा गेलेलो. अर्धं शूटिंग हललंय, नवरीच्या आत्याचं डोकंच कापलंय. आणि सगळीकडे मीच ओरडतोय — बाजूला व्हा, ओ बाजूला व्हा! ते राहिलं. ते सगळं राहिलं, एक सेकंद गेला नाही. आणि त्याचे तीनशे सतरा गेले.

हो. म्हणालेलात. म्हणालेलात की आधी लॅपटॉप दुकानात आण, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवू. नाही आणला. तुमच्याकडे एक रात्र ठेवायचा होता, मी नाही ठेवणार म्हटलं. झालं? खूश? अक्कल नाही मला. दादा पण हेच म्हणायचा.

क्लाऊडवर आहेत, कुठे जात नाहीत — हे दहादा सांगू नका. आहेत तर उघडा. पासवर्ड टाकले मी. आईचं नाव टाकलं, गावाचं टाकलं, त्या निशाचं पण टाकलं — होती एक. माझं टाकलं. माझं नव्हतं. मग लॉक झालं. आता म्हणतंय, दादाच्या नंबरवर ओटीपी येईल.

सिम नाहीये. नाहीये म्हणजे नाहीये, कुठे ठेवलं काय विचारता? मोडलं. दाताने मोडलं. काय करू मग? दिवसाला आठ फोन. ‘सुदेशभाऊ, आमचा व्हिडिओ कधी?’ मी सांगायचो, भाऊ गेले. समोरचा म्हणायचा, अरेरे, वाईट झालं. आणि लगेच — मग पेनड्राइव्ह कोण देणार? ‘मग’! एकाने तर दहाव्याच्या दिवशी, पिंडाला कावळा शिवायचा होता आणि हा विचारतोय ड्रोनचे शॉट घेतलेत ना. तिथेच सिम काढलं आणि चावलं. बरं वाटलं तेव्हा.

तोच नंबर परत मिळतो? आईच्या नावावर? काय काय लागतं?

तो दाखला नाही माझ्याकडे.

तयार आहे हो, मेसेज आलाय, दीड महिना झाला. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात पडलाय. आई रोज विचारते, मी सांगतो साहेब रजेवर आहे. कोणी रजेवर नाही. गेलेलो मी. लाइन पण नव्हती. बाई बिचारी चांगली होती, वर बघून म्हणाली, मयताचं नाव सांगा. तिने परत विचारलं, हळू — मयताचं नाव? आणि मी जिना उतरलो. तिथे एकदा सांगितलं की कागद हातात येणार ना. मग काय आईला तो पण वाचून दाखवू?

किती दिवसांनी? नंबर बंद पडला की तीन महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकतात? म्हणजे त्याच्या नंबरवर दुसराच कोणी हॅलो म्हणणार? — थांबा, मोजू द्या. दहाव्यापासून धरायचं. त्र्याहत्तर. आज त्र्याहत्तर झाले.

ती वॉर्ड ऑफिसची खिडकी किती वाजेपर्यंत असते? पाच? आत्ता किती वाजले? — मला घड्याळ बघता येतं, तुम्ही नका सांगू. लॅपटॉप राहू दे इथेच. हो, ठेवतोय, रात्रभर लागला तर रात्रभर. पण हात लावायचा नाही, समजलं? काही डिलीट करायचं नाही, ओके दाबायचं नाही. माझी ती हळद पण ठेवा, काळुरामशेठला द्यायचीये.

सुदेश. सुदेश नाव आहे. एवढंच तर सांगायचंय.

माझ्याकडे काय बघताय? मागे माणूस कधीचा उभा आहे, त्याचं बघा.