माठाकडे नेणारा हात

— नाय हो ताई, मुका कुठला? मुका असता तर गोष्ट वेगळी. बसा ना. तुम्हाला बालवाडीच्या बाईंनी पाठवलं ना, दवाखान्यातून, नंदूला बघायला? तुम्ही सांगाल तसं त्या करणार — ठेवायचा की काढायचा. मग त्यांना सांगा, आमचा नंदू बोलतो. चार वर्षांचा आहे, पण बोहारणीची हाळी अशी मारतो — परवा गॅलरीतून ओरडला तर खालच्या दोघी जुनी लुगडी घेऊन बाहेर आल्या! मुका म्हणे. हसा, हसा, मी पण हसले. मग बोलले, नंदू, आता आई बोल — तर भिंतीकडे बघत बसला.

आता ही शेजारच्या शकुची मीरा, ह्याच्याच वयाची. बोबडी, अर्धं कळत नाय, पण तोंडाची टकळी बंद नाय. "काकू, नंदू माझ्याकडे का बघत नाय?" "काकू, नंदूनं माझा खडू घेतला" — आणि खडू तिच्याच मुठीत! माझा कधी खोटं बोलत नाय. गुणी आहे, सगळी चाळ सांगते — पण खोटं बोलायला तरी समोर कुणी आहे असं वाटायला लागतं ना हो? जाऊ दे, मी काय बोलत होते?

हां, तहान. तहान लागली की काय करतो विचारलंत ना. माझं मनगट धरायचा, ओढत न्यायचा आणि हात माठावर ठेवायचा. तोंडाकडे बघणं नाय — जसा काय हात माझा नव्हेच, माठावरचा पाणी काढायचा डाव आहे. आणि मी द्यायची. तर गिरणी बंद पडल्यापासून गावी असलेल्या आमच्या सासूबाई दिवाळीला आल्या, त्या बोलल्या, "मागल्याशिवाय दिव नको. तान लागली काय आपसूक बोलतलो." वेखंड झालं, मध झाला, नवस झाला — मग म्हटलं हेही करून बघू. हात धरला की सोडवून घ्यायची. पाणी बोल, मग देते. लय रडला हो. फरशीवर डोकं आपटलं. हे मरोळहून कामावरून आले, ते माझ्यावरच ओरडले — पण मी नाय दिलं. आईनं घट्ट व्हायला नको?

आणि गेला ना हट्ट! आता धरतच नाय हात. मी सगळ्यांना सांगितलं, सुधारला म्हणून. काय? मग पाणी कुठे पितो? पितो की — मोरीतल्या बादलीत तोंड घालतो. शकुनं बघितलं एकदा, मी तिला बोलले, खेळत असेल. तुम्ही का अशा बघताय माझ्याकडे? त्याच्या भल्यासाठीच ना सगळं — मला काय हौस आहे?

अरे नंदू — सोड. ताईंचा हात सोड, पाहुण्या आहेत त्या. उठू नका हो तुम्ही, तो असाच — माठाकडेच नेतोय. माझ्या समोरून. अरे, मी आहे ना इथे? हा बघ माझा हात. नंदू, हा धर ना रे. धर, मी नाय सोडवणार. नंदू —

द्या, ताई. पेला वरच आहे. द्या त्याला पाणी. आणि मग निघा तुम्ही. बाईंना काय सांगायचं ते सांगा.