लिलीच्या कुंडीत काळी माती

रश्मी : पण रेती कुठं गेली, मामाजी? या कुंड्यांत मी नदीची रेती घालून ठेवली होती.

पुंजाजी : फेकली. रेतीत कायी उगवते का?

रश्मी : कधी फेकली?

पुंजाजी : तू शाळेतल्या पोराइले घेऊन सहलीले गेल्ती तवा. वावरातली काळी माती आनली, चाळली, पाची कुंड्या नव्यानं भरल्या. अशी माती साऱ्या वलगावात नाई.

रश्मी : आणि पाणी?

पुंजाजी : रोज सकाळी. एकेकीले गडवाभर.

इंदूबाई : म्या म्हटलं होतं याइले, सुनेच्या कुंड्याइले हात नोका लावू. आयकतात थे?

रश्मी : मी गेले तेव्हा फुलाचे दांडे वर आले होते. आता हा कांदा दाबून बघा.

पुंजाजी : नरम हाये.

रश्मी : सडलाय. काळी माती पाणी धरून ठेवते. कपाशीला चालतं ते, लिलीच्या कांद्याला नाही चालत.

पुंजाजी : दुसरी कुंडी पाय.

रश्मी : पाचही पाहिल्या.

इंदूबाई : नाताळाले अजून टाइम हाये, बाई. अमरावतीच्या नर्सरीतून फुललेली कुंडी आनू.

रश्मी : मम्मीला कळणार नाही का, आई? पप्पा दर नाताळाला गल्लीत घरटी एक कुंडी द्यायचे. पहिली मम्मीला. ते गेले तेव्हा त्यांच्या अंगणातून मी हे कांदे काढून आणले, तिला न विचारता. लग्न झाल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. दिवाळीत तिचा फोन आला. काय म्हणाली माहीत आहे?

इंदूबाई : काय म्हने?

रश्मी : लग्न न विचारता केलंस, कांदेही न विचारता नेलेस. आता त्यांची कुंडी फुलवून आण, मग घरात ये. रिकाम्या हातानं येऊ नको.

पुंजाजी : हे मले कोनी सांगतलं?

रश्मी : तुम्ही कधी विचारलं? माझ्या माहेरचं नाव निघालं की तुम्ही उठून गोठ्यात जाता.

पुंजाजी : म्या चांगल्यासाठीच केलं.

रश्मी : माहीत आहे. तरी मला तुमचा राग आलाय, मामाजी. खूप आलाय.

इंदूबाई : पोराले फोन लाव, ललितले.

रश्मी : तो काय करणार? मी अकोल्याला मम्मीकडे जात नाही. संपलं.

इंदूबाई : असं काहून बोलतं? माय हाये तुही.

रश्मी : तिला सांगू काय? सासऱ्यांनी सडवले? ती म्हणेल, मी तेव्हाच सांगितलं होतं, ही माणसं तुझं काही शिल्लक ठेवणार नाहीत.

पुंजाजी : असं म्हनल्या होत्या त्या?

रश्मी : लग्नाच्या दिवशी.

(पुंजाजी कुंडीतली माती हातानं बाहेर काढू लागतात.)

इंदूबाई : राहू द्या आता. काय शोधून राहिले तिच्यात?

पुंजाजी : नाताळ कोन्या वारी हाये?

रश्मी : कशाला?

पुंजाजी : आदल्या दिवशी निघू. म्या सडोले, म्या सांगतो त्याइले.

इंदूबाई : तुमी जाता? पोराच्या लग्नाले गेले नाई तुमी. व्याही वारले, मयतीले गेले नाई.

पुंजाजी : नाई गेलो. आता जातो.

रश्मी : ती तुम्हाला आत घेणार नाही, मामाजी. दारातच उभं करेल.

पुंजाजी : करू दे. राहीन उभा.

रश्मी : आणि मला पहिलं विचारेल, काय आणलंस.

पुंजाजी : सांगजो, सासरा आनला.